प्रश्न लिहायचे आणि खोडायचे: डिप्रेशन किती, हे विचारण्याची भानगड

डिप्रेशन किती तीव्र आहे हे मोजणारी प्रश्नावली बनवायच्या कामात मी सध्या पुरती बुडालेय आणि कुणी विचारलं काय करतेस की लोकांचा चेहराच सांगतो, की ह्यात काम ते काय, झोप लागते का, रडू येतं का, भूक लागते का, दहा प्रश्न लिहिले की झालं. प्रश्न लिहायला खरंच फार वेळ लागत नाही हो. एका दुपारी बसलं तर ढीगभर निघतात. बाकीचे सगळे महिने जातात ते लोक हे प्रश्न नक्की कसे वाचतात ते बघण्यात, आणि मग एकेक करून खोडण्यात.

आधी एक फरक सांगते, कारण तो नाही कळला तर पुढचं सगळं उगाच किचकट वाटेल. "डिप्रेशन आहे का" हा एक प्रश्न आणि "किती आहे" हा वेगळा. पहिल्याचं उत्तर डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट समोर बसून बोलून देतात, त्यात इतर आजार, औषधं, नुकतंच कुणी गेलंय का, आधी कधी उलट टोकाची तेजी येऊन गेलीय का, सगळं बघावं लागतं. दुसऱ्याला मात्र पट्टी लागते. गेल्या महिन्यापेक्षा बरं आहे का वाईट, औषधाचा उपयोग होतोय का, ह्या माणसाला आज जास्त लक्ष द्यायला हवं का त्याला. मॅक्स हॅमिल्टन ह्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० मध्ये त्याचं प्रसिद्ध स्केल काढलं तेच मुळात आधीच निदान झालेल्या पेशंटसाठी, म्हणजे आजार आहे हे धरूनच चालायचं, फक्त किती ते सांगा. पुढे लोकांनी ते कुठेही वापरलं ही वेगळी गोष्ट.

हॅमिल्टनचं स्केल मला नव्या लोकांना शिकवायला फार आवडतं, कारण त्यातली गंमत साध्या बेरजेनेच दिसते. सतरा आयटम (म्हणजे त्यातले एकेक प्रश्न किंवा मुद्दे), जास्तीत जास्त ५२ मार्क. त्यात झोपेचे तीन वेगळे आयटम आहेत, झोप लवकर न लागणं, मध्येच जाग येणं, पहाटे फार लवकर जाग येणं, प्रत्येकी २ म्हणजे झाले ६. आणि उदास मनःस्थिती, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिला मिळतात जास्तीत जास्त ४. आता विचार करा, एखाद्या औषधाने नुसती झोप छान लागली आणि मन होतं तिथेच राहिलं, तरी स्कोअर मस्त खाली येणार आणि आपण म्हणणार औषध लागू पडलं. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, तेव्हा हॉस्पिटलात दाखल असलेल्या पेशंटमध्ये जे दिसत होतं तेच स्केलमध्ये आलं. पण आयटम किती आणि कशाचे घेतले ह्यातच "तीव्र" म्हणजे काय हे ठरून जातं, आणि ते कुठे लिहिलेलंही नसतं.

आरन बेक ह्या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्ये वेगळी वाट धरली. त्याने पेशंट काय बोलतात, कसे विचार करतात ते पाहून २१ विषय घेतले आणि प्रत्येकाखाली चढत्या क्रमाने वाक्यं दिली, ० ते ३, माणसाने स्वतः वाचायचं आणि आपल्याला लागू पडेल ते निवडायचं. त्यात अपराधीपणा, स्वतःला दोष देणं, आपण हरलो असं वाटणं ह्या गोष्टी भरपूर आल्या. मग १९७९ मध्ये माँटगोमेरी आणि आसबर्ग यांनी तिसराच विचार केला. त्यांच्याकडे ६५ आयटमचं मोठं स्केल होतं, त्यातून त्यांनी शेवटी १० ठेवले, आणि निवडताना मुख्य कसोटी काय, तर उपचार सुरू झाल्यावर कुठले आयटम खरंच हलतात. म्हणजे बदल पकडायचा म्हणून बनवलेलं स्केल. तीन स्केल, तीन वेगळे हेतू, आणि तिन्हींना लोक सरसकट "डिप्रेशनचा स्कोअर" म्हणतात.

ह्यावर आयको फ्रीडचा २०१७ चा एक पेपर आहे, तो वाचून मी काही दिवस जरा हादरलेच होते. त्याने सात नेहमीची डिप्रेशन स्केल समोर ठेवली आणि त्यात मिळून किती वेगवेगळी लक्षणं विचारलीत ते मोजलं. निघाली ५२. त्यातली ४० टक्के फक्त एकाच कुठल्यातरी स्केलमध्ये आणि सातही स्केलमध्ये असलेली जेमतेम १२ टक्के. म्हणजे एकाच माणसाला दोन वेगळी स्केल दिली तर एकात तो मॉडरेट आणि दुसऱ्यात माइल्ड निघू शकतो आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर!

तर आपण नवे आयटम लिहितो तेव्हा काय होतं. सगळ्यात आधी येतात ते जोडप्रश्न. "मला थकवा आणि उदासी जाणवते." वाचायला किती सहज आहे, पण फक्त थकलेल्या माणसाने काय टिक करायचं? मोठमोठ्या स्केलमध्येसुद्धा हे आहे. पीएचक्यू-९ ही दवाखान्यात वापरतात ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला त्यावरून प्रत्येकाला ० ते ३ मार्क. तिच्यात भूक कमी होणं आणि जास्त खाणं एकाच आयटममध्ये आहे, झोपेचंही तसंच, कारण तिचे नऊ आयटम निदानाच्या नऊ निकषांवरून घेतलेत आणि तिथे ते तसेच एकत्र आहेत. कारण समजतं, पण उत्तर आल्यावर तुम्हाला कळत नाही की हा माणूस जेवत नाहीये का दिवसभर खातोय. बेकच्या १९९६ च्या सुधारित आवृत्तीत ह्यावर तोडगा काढला, झोप आणि भूक ह्या दोन आयटममध्ये कमी आणि जास्त असे दोन्ही बाजूंचे वेगळे पर्याय दिले, मार्क सारखेच पण दिशा कळते. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, जरी कागदावर जरा गर्दी होते.

दुसरा प्रकार म्हणजे कारण आत घुसवलेले प्रश्न. "उदासीमुळे माझं कामात लक्ष लागत नाही." लक्ष लागत नाही हे माणसाला माहीत असतं, उदासीमुळे का हे त्याला कसं माहीत असणार? तेच तर आपण शोधतोय ना. असा आयटम दिला की विचार करणारी माणसं अडकतात आणि बाकीची "मुळे" कडे दुर्लक्ष करून पुढे जातात, म्हणजे दोन माणसं दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तर देतायत.

आणि तिसरा, जो मराठीत प्रश्न लिहिणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावा असा. नकारात्मक वाक्य आणि खाली "अजिबात नाही" हा पर्याय. "मला कशातच रस वाटत नाही." खाली पर्याय: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्यापेक्षा जास्त दिवस, जवळजवळ रोज. आता ज्या बाईला खरोखर कशातच रस उरलेला नाही ती काय करते, ती वाक्य मनात पूर्ण करते, "रस वाटत नाही... अजिबात नाही", आणि पहिल्या पर्यायावर टिक करते. मिळाले शून्य. सगळ्यात जास्त त्रासात असलेला माणूस सगळ्यात कमी स्कोअर घेऊन गेला आणि फॉर्म बघून कुणालाही काही चुकलंय असं वाटणार नाही. हे आकडेवारीत नुसतं "आयटम नीट चालत नाहीये" एवढंच दिसतं, का चालत नाही ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. उपाय सोपा आहे, वाक्य होकारार्थी करा, "रस कमी झाला", "रस गेला", आणि पर्याय "एकही दिवस नाही" असे लिहा. पण तो सुचायला आधी ते बघावं लागतं.

शेजारी बसणं हेच खरं काम आहे आणि त्याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. माणसाला आयटम द्यायचा आणि सांगायचं की उत्तर देताना जे मनात येईल ते मोठ्याने बोला, किंवा उत्तर दिल्यावर विचारायचं की हे तुमच्या भाषेत सांगा बरं, हे उत्तर कसं ठरवलंत, कुठले दिवस डोळ्यासमोर आले. ह्यामागे टूरंगोने १९८४ मध्ये मांडलेली चार टप्प्यांची कल्पना आहे: प्रश्न समजणं, आठवणं, त्यावरून अंदाज बांधणं आणि शेवटी तो अंदाज दिलेल्या पर्यायांत बसवणं. चारही ठिकाणी गाडी घसरू शकते, आणि डिप्रेशनमध्ये तर आठवण आणि अंदाज दोन्हींवर आजाराचीच सावली असते. आज फार वाईट दिवस असेल तर मागचे दोन आठवडे सगळेच वाईट आठवतात.

मी असे इंटरव्ह्यू घेते तेव्हा सारख्या त्याच त्याच गोष्टी दिसतात. दिवस कुणीच मोजत नाही. "निम्म्यापेक्षा जास्त दिवस" लिहिलंय म्हणून कुणी चौदातले आठ दिवस मोजत बसलंय असं मी कधीच पाहिलं नाही, लोक ते चार पर्याय कमी, बऱ्यापैकी, जास्त, फार जास्त असे वाचतात. काही माणसं अशी असतात की टोकाच्या पर्यायाला हातच लावत नाहीत, "माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक असतात हो" म्हणून दोन नंबरवर टिक करतात, आणि त्यांच्याशी बोलल्यावर कळतं की गेला महिनाभर अंथरुणातून उठायला दुपार होते.

भविष्याबद्दल विचारलं की वयस्कर माणूस हसतो. "आता आमचं कसलं भविष्य!" ह्यात निराशा नाहीये, वयाचा साधा हिशोब आहे, पण स्कोअरमध्ये ते निराशा म्हणूनच जातं. थकव्याबद्दल विचारलं की रात्रपाळी करणारा म्हणतो थकवा तर रोजचाच आहे, आणि मग तो ते लिहितही नाही कारण त्याच्या मते ते "ह्यात" धरायचं नसतं, उलट दुसरा रात्रपाळीवाला पूर्ण मार्क देतो. तान्हं बाळ असलेल्या आईला झोपेबद्दल विचारणं तर... म्हणजे विचारून मिळणार काय? ह्याच कारणाने कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी १९८७ मध्ये बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी दहा आयटमचं एडिनबरा स्केल केलं तेव्हा थकवा, भूक असल्या शरीराच्या तक्रारी बाहेर ठेवल्या, आणि झोप आलीच तर इतकं दुःखी वाटतं की झोप लागत नाही अशा रूपात. झिगमंड आणि स्नेथ यांचं १९८३ चं हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठीचं स्केलही तसंच, कारण शरीराने आजारी माणसाला थकवा असणारच. आणि येसावेज मंडळींनी वयस्करांसाठी शंभर प्रश्नांतून तीस काढले तेव्हाही शेवटी शरीराचे गळलेच, आणि उत्तरं नुसती हो किंवा नाही ठेवली, म्हणजे चार पर्यायांत घोळ नको.

अजून एक सापळा आहे, "नेहमीपेक्षा". गोल्डबर्गची जीएचक्यू नावाची जुनी प्रश्नावली आहे, तिच्यात उत्तरं नेहमीच्या तुलनेत द्यायची असतात, नेहमीइतकंच, नेहमीपेक्षा जास्त वगैरे. नव्याने बिघडलेलं पकडायला छान. पण जो माणूस पाच-सात वर्षं उदासच आहे त्याचं नेहमीचंच तसं आहे, तो इमानदारीत "नेहमीइतकंच" लिहितो आणि सुटतो. तीव्रता मोजायची असेल तर हे चालत नाही. तरीही आमच्या प्रत्येक मसुद्यात कुणी ना कुणी "पूर्वीपेक्षा" घालतंच, कारण बोलताना आपण तसंच बोलतो.

किती दिवस आणि किती जोरात, हा वाद तर मला वाटतं कधीच मिटणार नाही. पीएचक्यू-९ दिवस विचारतं. मग रोज थोडं थोडं उदास असणाऱ्याला ३ आणि ज्याला तीनच दिवस आले पण ते असे आले की तो घराबाहेर पडू शकला नाही त्याला १. बेकचं वाक्यांवर चालतं, तिथे जोर कळतो पण लांबलचक वाचावं लागतं, आणि एकाग्रता गेलेल्या माणसाला चार-चार वाक्यं वाचून तुलना करायला लावणं हीसुद्धा एक शिक्षाच आहे. माझं मत विचाराल तर वारंवार भरायचं असेल तर दिवसांवाले बरे, एकदाच नीट समजून घ्यायचं असेल तर वाक्यांवाले. सगळ्यांना हे पटत नाही, आमच्या टीममध्येही नाही.

मग पायलट, म्हणजे थोड्या लोकांकडून मसुदा भरून घेऊन बघणं. इथून आकडे सुरू होतात आणि इथेच लोकांना वाटतं की आता खरं सायन्स सुरू झालं. पहिल्यांदा बघायचं की प्रत्येक आयटमला कुठले पर्याय किती जणांनी निवडले. एखाद्याला जवळजवळ सगळ्यांनी शून्य दिलं असेल तर तो आयटम सर्वसाधारण लोकांत काहीच सांगत नाही, पण थांबा, लगेच खोडू नका, कारण तो कदाचित फक्त तीव्र डिप्रेशनमध्येच जागा होणारा आयटम असेल. परीक्षेचा पेपर काढतात तसंच आहे हे, सगळे सोपे प्रश्न घातले तर सगळेच पास आणि हुशार कोण ते कळत नाही, सगळे कठीण घातले तर सगळेच नापास. "गेल्या काही दिवसांत मन उदास होतं" ह्याला अर्धं जग हो म्हणेल, तो खालच्या टोकाला कामाचा. "मी सगळ्यांवर ओझं झालोय" ह्याला हो म्हणणारे साधारण बरंच पुढे गेलेले असतात. आणि मधल्या पायऱ्यांवर आयटम नसतील तर माइल्डवरून मॉडरेटला गेलेला माणूस तुमच्या स्केलला दिसणारच नाही.

हे नीट बघायला आयटम रिस्पॉन्स थिअरी वापरतात, आणि असे चढत्या पर्यायांचे आयटम असतील तर बहुतेक वेळा सामेजिमाचं १९६९ चं ग्रेडेड रिस्पॉन्स मॉडेल. गणित बाजूला ठेवलं तर ते आयटमबद्दल दोन गोष्टी सांगतं: हा आयटम तीव्रतेच्या पट्टीवर कुठे बसतो, आणि त्या जागी माणसांना किती धारदारपणे वेगळं करतो. एकदा हे माहीत झालं की मोठी आयटम बँक करून कॉम्प्युटर आधीच्या उत्तरावरून पुढचा आयटम निवडू शकतो, सगळ्यांना सगळं विचारायची गरज नाही. अमेरिकेतला प्रॉमिस प्रकल्प असाच आहे, त्यांच्या डिप्रेशनच्या बँकेत २८ आयटम आहेत, मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात आणि स्कोअर असा बसवलाय की सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (स्कोअर सरासरीभोवती किती पसरतात ते) १०.

पण त्या २८ मध्ये झोप आणि भूक शोधायला जाल तर सापडणार नाही. मूड, स्वतःबद्दलचे विचार, एकटेपणा, आनंद कमी होणं, असंच सगळं. शरीराचे आयटम अशा मॉडेलमध्ये बाकीच्यांबरोबर नीट बसत नाहीत, कारण झोप शंभर कारणांनी जाते. इथे माझं आणि आकड्यांचं भांडण सुरू होतं. बाकीच्या आयटमशी कोरिलेशन कमी आलं म्हणून झोपेचा आयटम काढला की स्केल देखणं होतं, अल्फा (आयटम एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) वाढतो, पेपर छान दिसतो, पण डिप्रेशनच्या माणसाशी दहा मिनिटं बोललात तर पहिलं वाक्य झोपेचंच असतं! मी तो आयटम ठेवायच्या बाजूने असते, निदान जिथे रात्रपाळी, तान्ही बाळं, दुखणी असलं काही मध्ये येत नाही तिथे तरी.

आणि अल्फाबद्दल बोलायचं तर, क्रॉनबाखचा १९५१ पासूनचा हा आकडा लोकांनी देव्हाऱ्यात बसवलाय. ०.७ च्या वर आला की बरं, ०.९ आला की पेढे. पण अल्फा वाढवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे एकच गोष्ट पाच वेळा विचारणं. उदास वाटलं, खिन्न वाटलं, दुःखी वाटलं, मन जड होतं, मूड खराब होता. झाला ०.९५. स्केल आता फार विश्वासार्ह आहे आणि एकाच गोष्टीबद्दल आहे, आणि भरणारा माणूस म्हणतो अहो हे मगाशीच विचारलंत की. ०.९५ च्या पुढे गेलं की मला आनंद होत नाही, मी जुळे आयटम शोधायला बसते.

रडण्याचा आयटम घ्या. सगळ्यांना वाटतं डिप्रेशनच्या स्केलमध्ये रडणं हवंच. सीईएस-डी मध्ये, म्हणजे रॅडलॉफच्या १९७७ च्या २० आयटमच्या स्केलमध्ये, तो आहे, आणि पुढे अनेकांनी तपासल्यावर दिसलं की एकूण तीव्रता सारखीच असताना बायका त्याला जास्त वेळा हो म्हणतात. म्हणजे तो आयटम थोडं डिप्रेशन मोजतो आणि थोडं हे मोजतो की तुम्हाला रडायची मुभा आहे का. ठेवला तर बायकांचा स्कोअर विनाकारण वर, पुरुषांचा खाली. मी काढते. काही जण म्हणतात ठेवा आणि वेगळं वजन द्या, पण स्केल शेवटी दवाखान्यात कुणीतरी घाईत बेरीज करून वापरणार आहे, वजनं कोण बघत बसणार. त्याच सीईएस-डी मध्ये चार आयटम सकारात्मक आहेत, आनंदी होतो, भविष्याबद्दल आशा वाटली अशा धाटणीचे, उलटे मोजायचे, हेतू असा की डोळे झाकून टिक करणारे सापडावेत. होतं काय, की त्या चारांचा एक वेगळाच गट पडतो, कारण काही जण उलटं वाक्य लक्षातच घेत नाहीत आणि शिवाय आनंद नसणं आणि दुःख असणं ह्या दोन गोष्टी एकच नाहीत.

आता अवघड आयटम. मरणाचे विचार. प्रत्येक टीममध्ये कुणीतरी म्हणतं की हे विचारायला नको, विचारलं तर डोक्यात येईल. अभ्यासांतून असं काही दिसलेलं नाही, विचारल्याने विचार येत नाहीत, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं ह्याचं बरं वाटतं. खरी अडचण वेगळी आहे, की उत्तर आल्यावर तुम्ही काय करणार. कुणी टिक केली आणि तो फॉर्म पंधरा दिवस डेटा एंट्रीच्या गठ्ठ्यात पडून राहिला तर तुम्ही विचारलंच कशाला? त्यामुळे आमच्याकडे नियम आहे, ज्या दिवशी फॉर्म भरला त्याच दिवशी, माणूस तिथून जायच्या आधी, तो आयटम बघायचा आणि बोलायचं, कोण बोलणार हे आधी ठरलेलं पाहिजे, नाव आणि फोनसकट. जिथे हे जमणार नाही तिथे काही अभ्यासांत पीएचक्यू-८ वापरतात, म्हणजे तोच संच त्या शेवटच्या आयटमशिवाय. आणि त्या नवव्या आयटमची घडणही बघा, मेलेलं बरं असं वाटणं आणि स्वतःला इजा करावी असं वाटणं दोन्ही एकत्र, पहिलं बऱ्याच थकलेल्या माणसांच्या मनात येऊन जातं, दुसरं वेगळ्याच पातळीचं आहे. मी लिहीन तर दोन आयटम लिहीन.

इतकं सगळं झाल्यावर स्केल एखाद्या जाणकाराच्या मुलाखतीशी ताडून बघतात. पीएचक्यू-९ चा २००१ चा पेपर क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांचा, ६००० पेशंट, त्यातल्या ५८० जणांची वेगळी मुलाखत, आणि १० च्या कटऑफला, म्हणजे १० आणि वर रेघ मारली तर, सेन्सिटिव्हिटी (डिप्रेशन असलेले किती पकडले) ८८ टक्के आणि स्पेसिफिसिटीही (नसलेले किती बरोबर सोडले) ८८ टक्के. फार छान आकडे. पण तीव्रतेसाठी ५, १०, १५, २० ह्याच पायऱ्या का? त्यांनीच लिहिलंय की एक कारण म्हणजे लक्षात ठेवायला सोप्या. मला हे वाचून त्यांच्याबद्दल आदरच वाटला. निसर्गाने १० वर रेघ मारलेली नाही, ९ वाला आणि १० वाला एकाच बाकावर बसलेले असतात. दोन भेटींत ५ चा फरक पडला तर तो लक्षात घेण्यासारखा धरतात, १-२ चा फरक आला म्हणून ना नाचायचं ना घाबरायचं.

आणि बेरीज ही बेरीजच असते. फ्रीड आणि नेसी यांनी २०१५ मध्ये स्टार-डी ह्या मोठ्या अभ्यासातले ३७०३ डिप्रेशनचे पेशंट घेऊन लक्षणांचे किती वेगवेगळे जोड दिसतात ते पाहिलं, १०३० निघाले. म्हणून १५ लिहून आला तरी मी डॉक्टर मंडळींना सांगते की फॉर्म उलटा करून आयटम वाचा, नुसता आकडा फाइलवर लिहू नका.

परत भरून घेण्याची कटकट वेगळीच. स्केल भरवशाचं आहे का हे बघायला तेच लोक, तेच प्रश्न, थोड्या दिवसांनी. दोन दिवसांनी दिलं तर मागचं उत्तर आठवतं. महिन्याने दिलं तर डिप्रेशनच बदललेलं असतं, मग फरक स्केलचा का माणसाचा? शिवाय लोक पहिल्यांदा भरताना जरा जास्त देतात, दुसऱ्यांदा काहीच उपचार नसताना स्कोअर थोडा घसरतो. त्यामुळे "आमच्या कार्यक्रमानंतर स्कोअर कमी झाला" असं कुणी तुलनेला दुसरा गट न घेता सांगितलं की मी फक्त मान हलवते.

शेवटी एक तक्रार करून थांबते, कारण ह्या आठवड्यात परत तेच दिसलं. एका ॲपमध्ये पीएचक्यू-९ चेच ओळखीचे प्रश्न होते, फक्त "गेले दोन आठवडे" काढून "आज" केलेलं, चार पर्यायांऐवजी पाच स्मायली, दोन प्रश्न "जास्त पॉझिटिव्ह" केलेले, मरणाचा आयटम गायब, आणि खाली निकाल काय तर १० च्या वर म्हणजे मॉडरेट. अहो तो १० त्या वाक्यांचा, त्या दोन आठवड्यांचा, त्या चार पर्यायांचा होता. पाच स्मायलींच्या बेरजेला तो कसा लावणार? एकाच दिवसाबद्दल विचारलं तर वाईट दिवस असलेला कुणीही मॉडरेट होईल. बदल करायला माझी ना नाही, पण मग निदान दहा-बारा वेगवेगळ्या लोकांच्या शेजारी बसून ते स्मायली त्यांना काय सांगतात ते ऐका, नवा पायलट करा, मुलाखतीशी ताडून नवा कटऑफ काढा, आणि तोवर स्क्रीनवर "मॉडरेट डिप्रेशन" असं लिहू नका. मी त्यांना मेल केलीय, उत्तर आलं की खाली कमेंटमध्ये टाकते.